काउंट मोईझ द कामोंदो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसमध्ये पार्क मोन्सोच्या कडेला एक घर आहे. मालक १९३५ साली गेले, पण घर त्यांनी जसं लावलं होतं तसंच आजही आहे. आज त्याला म्युझे निसीम द कामोंदो म्हणतात. त्याबद्दल बोलणं निघालं की पुढचे प्रश्न हमखास येतात. मला हे घर आणि त्यातला माणूस दोन्ही फार मोलाचे वाटतात, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

मोईझ द कामोंदो कोण होते?

१८६० साली इस्तंबूलमध्ये जन्मलेले आणि पॅरिसमध्ये वाढलेले ज्यू बँकर. काउंट ही पदवी घराण्यात वारशाने आलेली. अठराव्या शतकातलं फ्रेंच फर्निचर, गालिचे, चांदी आणि पोर्सेलिन यांचा त्यांचा संग्रह हा त्या प्रकारातला जगातल्या सर्वोत्तम खासगी संग्रहांपैकी एक मानला जातो. १४ नोव्हेंबर १९३५ रोजी ते वारले. घर आणि आतली प्रत्येक वस्तू त्यांनी फ्रान्सला देऊन टाकली.

एवढा पैसा आला कुठून?

कामोंदो हे सेफार्दी ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा जी कुटुंबं भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने विखुरली, त्यांच्यातलं हे एक. व्हेनिसशी त्यांचा दीर्घ संबंध राहिला आणि पुढे ते इस्तंबूलमध्ये स्थिरावले. तिथे १८०२ साली इझाक कामोंदो यांनी बँक काढली. १८३२ मध्ये ते प्लेगने गेले आणि कारभार धाकटे भाऊ अब्राहम सालोमोन यांच्याकडे आला.

बँकेला खरी उंची दिली ती या अब्राहम सालोमोन यांनी. त्या काळी ऑटोमन सुलतानाच्या तिजोरीत खडखडाट असायचा. सैन्याचा पगार, राजवाड्याचा खर्च, नव्या सुधारणा, सगळं कर्जावर. ते कर्ज गलाता भागातले सराफ द्यायचे आणि त्या सराफांमध्ये कामोंदो अग्रभागी होते. क्रिमियन युद्धाच्या काळात सरकारची पैशाची गरज आणखी वाढली, तेव्हाही तेच पुढे होते. मिळालेला पैसा त्यांनी गलातामधल्या जमिनी आणि इमारतींत गुंतवला. शिवाय स्वतःच्या समाजातल्या मुलांसाठी आधुनिक शाळा काढली, तीही जुन्या वळणाच्या धर्मगुरूंचा विरोध पत्करून. मला हा माणूस नातवंडांपेक्षाही धाडसी वाटतो.

इस्तंबूलचं ज्यू घराणं आणि पदवी इटलीची, हे कसं?

व्हेनिसमुळे. तिथल्या जुन्या संबंधामुळे कुटुंबाला ऑस्ट्रियाचं संरक्षण होतं, कारण तेव्हा व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. १८६६ मध्ये व्हेनिस इटलीत सामील झालं आणि कामोंदो इटलीच्या बाजूला आले. इटलीच्या एकीकरणाला त्यांनी पैशाची मदत केली होती. राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याने १८६७ मध्ये अब्राहम सालोमोन यांना काउंट केलं. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते.

मग पॅरिस का?

कारण पैशाचं केंद्र तिकडे सरकलं होतं. ऑटोमन सरकारची मोठी कर्जं आता लंडन आणि पॅरिसच्या बाजारात उभी राहत होती. १८६९ मध्ये अब्राहम सालोमोन यांचे दोन नातू, अब्राहम बेहोर आणि निसीम, बिऱ्हाड घेऊन पॅरिसला आले. मोन्सो बागेभोवती नवी श्रीमंत वस्ती उभी राहत होती. रॉथ्सचाइल्ड, एफ्रुसी, चेर्नुस्की ही मंडळी तिथेच आसपास. एका भावाने ६१ क्रमांकाचं घर घेतलं, दुसऱ्याने ६३. आजोबाही सोबत आले होते. १८७३ मध्ये ते पॅरिसमध्ये गेले, पण त्यांचा देह इस्तंबूलला नेऊन हास्कोयच्या दफनभूमीत पुरला. निसीम यांचा मुलगा मोईझ तेव्हा तेरा वर्षांचा होता.

मने, दगा, मोने यांची चित्रं जमवणारे कामोंदो तेच का?

नाही. ते इझाक द कामोंदो, मोईझ यांचे थोरले चुलतभाऊ. ही गल्लत नेहमी होते. इझाक यांना बँकेपेक्षा संगीतात जास्त रस होता. त्यांनी ऑपेराही लिहिला. ते जपानी मुद्राचित्रं आणि इम्प्रेशनिस्ट चित्रं घेत. १९११ मध्ये ते वारले आणि संग्रह लूव्र संग्रहालयाला गेला. मनेचं ‘बासरीवाला मुलगा’, दगाचं कॅफेत अब्सांथ ही दारू पीत बसलेल्या बाईचं चित्र, सेझानचे पत्ते खेळणारे, मोनेने रंगवलेली रुआँची कॅथेड्रलं ही सारी त्यांच्यामुळे फ्रान्सच्या मालकीची झाली. आज ती ओर्से संग्रहालयात आहेत.

मोईझ यांची नजर मागे वळलेली होती. स्वतःच्या काळातली चित्रकला त्यांनी जवळजवळ घेतलीच नाही.

त्यांच्या लग्नाबद्दल एवढं का बोललं जातं?

चित्रकार रन्वारच्या एका चित्रामुळे. १८९१ मध्ये मोईझ यांचं लग्न इरेन काएन दांवेर हिच्याशी झालं. तीही मोठ्या बँकर घराण्यातली. ती आठ वर्षांची असताना, १८८० मध्ये, रन्वारने तिचं चित्र काढलं होतं: पाठीवर मोकळे सोडलेले तांबूस केस, निळसर फ्रॉक, मागे झाडी. जगातल्या सर्वात लाडक्या बालचित्रांत त्याची गणना होते.

लग्न टिकलं नाही. १८९२ मध्ये निसीम झाला, १८९४ मध्ये बेआत्रीस. त्यानंतर काही वर्षांतच इरेन घर सोडून काउंट साम्पिएरी या इटालियन माणसाकडे गेली. तो कामोंदोंच्या घोड्यांची व्यवस्था पाहत असे. १९०२ मध्ये घटस्फोट झाला. मुलं वडिलांकडे राहिली.

वडिलोपार्जित घर त्यांनी पाडलं, हे खरं?

खरं आहे. १९१० मध्ये आई गेली आणि ६३ क्रमांकाचं घर त्यांच्याकडे आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते उतरवायला घेतलं. आईवडिलांनी जमवलेल्या, पूर्वेची आठवण सांगणाऱ्या वस्तूंपैकी फारच थोड्या त्यांनी ठेवल्या.

नव्या घराचा आराखडा रने सेर्जां या वास्तुविशारदाने केला. व्हर्सायच्या आवारातलं पती त्रियानों हे छोटं राजगृह त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं होतं. १९११ ते १९१४ बांधकाम चाललं. खोल्यांची मापं आधीच जमवलेल्या वस्तूंवरून ठरली. जुन्या लाकडी भिंतपाट्या आणल्या होत्या, त्या नीट बसाव्यात म्हणून खोलीचा आकार बदलला. झां-बाप्तिस्त युए याने रंगवलेल्या गुराखी-गवळणींच्या चित्रफळ्यांसाठी तर एक पूर्ण दालन त्यांच्या मापाने बांधलं.

बाहेरून आणि दिवाणखान्यात अठरावं शतक, पण पडद्यामागे विसावं. उद्वाहन, पूर्ण घराला ऊब देणारी यंत्रणा, टाइल लावलेली न्हाणीघरं, मोटारींची जागा. स्वयंपाकघर तर भलं मोठं: पांढऱ्या टाइलच्या भिंती, मधोमध लोखंडी शेगडी, भिंतीवर ओळीने लावलेली तांब्याची भांडी. मोईझ खवय्ये होते, पॅरिसच्या नामांकित खवय्यांच्या क्लबचे सदस्य होते, आणि ते इथे स्पष्ट दिसतं. शिवाय तळण्याचा वास वरच्या दालनांत एका क्षणासाठीही पोचू नये याची काळजी नकाशातच घेतलेली होती.

संग्रहात नेमकं काय आहे?

पूर्ण यादी इथे देत नाही. मला ज्या वस्तूंपाशी थांबावंसं वाटतं, त्या सांगतो.

पहिली, चौदाव्या लुईसाठी साव्होनेरी या राजाच्या कारखान्यात विणलेला गालिचा. लूव्र राजवाड्याच्या लांबलचक दालनासाठी असे गालिचे मालिकेने विणले गेले होते. त्यांपैकी ‘वायू’ हा विषय असलेला गालिचा या घरात आहे. राजाच्या पायांखाली अंथरायचं कापड इथे घरातल्या माणसांच्या वापरात होतं.

दुसरी, ओर्लोव्ह चांदी. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनने १७७० मध्ये पॅरिसच्या रत्तिए या सोनाराकडे प्रचंड मोठा भोजनसंच सांगितला आणि नंतर तो आपल्या प्रियकराला, ग्रिगोरी ओर्लोव्हला, दिला. त्यातली काही पात्रं मोईझ यांनी मिळवली.

तिसरी, मारी आंत्वानेतच्या संग्रहात असलेली, दगड झालेल्या लाकडाची फुलपात्रं. शेजारी रीझनर, एबेन, कार्लें अशा सुतारांची कामं आहेत. सुतार हा शब्द इथे कमीपणाने घेऊ नका. राण्या त्यांच्या टेबलासाठी वर्षानुवर्षं थांबत.

आणि चौथी, माझी सर्वात आवडती: सेव्र या पोर्सेलिनच्या कारखान्याचा ब्युफों भोजनसंच. अठराव्या शतकातले निसर्गशास्त्रज्ञ ब्युफों यांच्या पक्षीग्रंथातली चित्रं पाहून प्रत्येक ताटलीवर, प्रत्येक वाडग्यावर वेगळा पक्षी रंगवला आहे आणि खाली त्याचं नाव लिहिलं आहे. हा संच काचेच्या कपाटांतून एका छोट्या खोलीत मांडलेला आहे. पाहुणे नसतील त्या दिवशी मोईझ याच खोलीत, या पक्ष्यांच्या सोबतीने, एकटे जेवत. मला वाटतं, ज्याला हा माणूस समजून घ्यायचा असेल त्याने या खोलीत जास्त वेळ उभं राहावं.

त्यांनी एकाच काळाचा एवढा ध्यास का घेतला?

त्यांची आवड ठरलेली होती. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध हा सजावटीच्या कलांचा शिखरकाळ, असं त्यांचं मत होतं. वस्तूंच्या जोड्या, समतोल मांडणी, हलक्या रंगांची रेशमी कापडं यांत त्यांना सुख मिळे. व्यवहारही चोख होता. खरेदीच्या नोंदी ते बारकाईने ठेवत, व्यापाऱ्याने दाखवलेली वस्तू पसंत पडली नाही तर परत करत.

पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. तुर्कस्तानात जन्मलेला, इटालियन पदवी मिरवणारा ज्यू माणूस फ्रान्सच्या सर्वात फ्रेंच मानल्या गेलेल्या काळाचं घर उभारतो, तेही फ्रेंच उमरावांहून अधिक अचूक. ही आपलं म्हणण्याची आणि आपलं म्हणवून घेण्याची धडपड आहे. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, त्या प्रकरणाने फ्रान्समधला ज्यूद्वेष उघडा पडून फार वर्षं झाली नव्हती. ‘हे बाहेरचे, हे पैसेवाले’ अशी छापील गरळ त्या लोकांवर रोज ओकली जात होती. मोईझ यांनी उत्तरादाखल भाषणं केली नाहीत. ते खुर्च्या, गालिचे आणि घड्याळं जपत राहिले.

संग्रहालयाला नाव मुलाचं का?

कारण घर त्याच्यासाठी बांधलं होतं आणि तो परत आला नाही.

निसीम पहिल्या महायुद्धात सैन्यात होता. आधी घोडदळ, खंदक, मग विमानदल. शत्रूच्या भागावरून उडत टेहळणी करायची, वरून छायाचित्रं घ्यायची हे त्याचं काम. ५ सप्टेंबर १९१७ रोजी लोरेन भागावर हवाई चकमकीत त्याचं विमान पडलं. तो पंचवीस वर्षांचा होता. सुरुवातीला बातमी फक्त बेपत्ता असल्याची आली. जर्मनांनी कैद केलं असेल, या आशेवर वडील काही काळ जगले. मग कळलं की जर्मनांनीच त्याला पुरलं आहे. युद्धानंतर त्याचे अवशेष पॅरिसला आणून मोंमार्त्रच्या दफनभूमीत कुटुंबाच्या थडग्यात ठेवले.

मोईझ यांनी बँक बंद केली. १८०२ पासून चाललेली पेढी चालवायला पुढे कोणी उरलं नव्हतं आणि स्वतःला इच्छा नव्हती. पण वस्तू जमवणं त्यांनी थांबवलं नाही. उलट घर पूर्णत्वाला नेण्याचं काम आणखी नेटाने केलं. आता ते वारसासाठी नव्हतं.

मृत्युपत्रात काय अटी घातल्या होत्या?

१९२४ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं. घर आणि संग्रह फ्रान्सला, सजावटी कलांच्या संस्थेच्या ताब्यात. नाव निसीमचं. काहीही हलवायचं नाही, काहीही नव्याने आणायचं नाही, प्रदर्शनासाठी उसनं द्यायचं नाही. राहतं घर दिसलं पाहिजे. देखभाल कशी करावी, याच्या लेखी सूचनाही मागे ठेवल्या. २१ डिसेंबर १९३६ रोजी संग्रहालय उघडलं.

या अटी फार कडक आहेत अशी तक्रार काही जण करतात. मला त्या योग्य वाटतात. वस्तू सुट्या झाल्या असत्या तर त्या दुसऱ्या संग्रहालयांतल्या वस्तूंसारख्याच वाटल्या असत्या. एकत्र असल्यामुळेच इथे घर दिसतं.

हे वाचून पुण्याचं केळकर संग्रहालय आठवतं. साम्य आहे का?

बऱ्याच मराठी वाचकांना आठवतं आणि ते बरोबर आहे. दिनकर केळकरांनीही आपल्या संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये सारं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. फरक मोठा आहे. काकासाहेब केळकर श्रीमंत नव्हते. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, दरवाजे अशा रोजच्या माणसांच्या वस्तू ते गावोगाव फिरून आणत. मोईझ यांना राजवाड्यांतलं हवं होतं. पण दोघांनीही आपलं दुःख मुलाच्या नावासकट लोकांच्या हाती सोपवलं.

त्यांच्या मुलीचं पुढे काय झालं?

हा भाग सांगायला जड जातो, पण तो वगळला तर बाकीचं अर्धवट राहतं.

बेआत्रीसचं लग्न लेओं रेनाक या संगीतकाराशी झालं होतं. तो विद्वान तेओदोर रेनाक यांचा मुलगा. फानी आणि बेर्त्रां ही त्यांची दोन मुलं. बेआत्रीसला घोडेस्वारीचा फार नाद. १९४० मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरले आणि त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने लगेच ज्यूंविरुद्ध कायदे केले. ती तरीही पॅरिसमध्येच राहिली. भाऊ फ्रान्ससाठी मेला, वडिलांनी सर्वस्व फ्रान्सला दिलं, आपल्याला कोण हात लावणार, असा तिचा भरवसा होता. तिने कॅथलिक धर्मही स्वीकारला होता.

डिसेंबर १९४२ मध्ये तिला आणि फानीला अटक झाली. लेओं आणि बेर्त्रां दक्षिणेला होते, तेही पकडले गेले. चौघांना पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीत ठेवलं. २० नोव्हेंबर १९४३ च्या गाडीने लेओं, फानी आणि बेर्त्रां यांना ऑश्विट्झला पाठवलं. ७ मार्च १९४४ च्या गाडीने बेआत्रीसला. चौघांपैकी कोणीही परतलं नाही. मोईझ यांचा वंश तिथे संपला.

देणगी, पदवी, शहीद मुलगा, यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही?

नाही. १९४१ मध्ये नाझींनी इरेनचं रन्वारने काढलेलं चित्र उचललं. ते तेव्हा बेआत्रीसकडे होतं आणि सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय संग्रहालयांच्या ताब्यात शांबोरच्या किल्ल्यात ठेवलेलं होतं. लेओंने संग्रहालयांच्या संचालकांना पत्र लिहून सारं मांडलं: इझाक यांची चित्रं, मोन्सोचं घर, आपल्या वडिलांनी दिलेली भूमध्य काठची व्हिला केरिलोस. इतकं दिलेल्या कुटुंबाला एक चित्र तरी परत मिळावं. ते मिळालं नाही.

मला या साऱ्यात सर्वात जास्त हे लागतं: मोन्सोचं घर युद्धात सुरक्षित राहिलं. राज्याच्या मालकीचं असल्यामुळे त्यातली एकही खुर्ची गेली नाही. वस्तूंना फ्रान्सने आपलं मानलं होतं. माणसांना मानलं नाही.

रन्वारचं ते चित्र आता कुठे आहे?

झ्युरिकच्या कुन्स्टहाउसमध्ये. इरेन युद्धातून वाचली. साम्पिएरी हे इटालियन आडनाव आणि कॅथलिक धर्म तिच्या कामी आले. १९४६ मध्ये तिला आपलं चित्र परत मिळालं, १९४९ मध्ये तिने ते एमिल ब्युर्ले या शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराला विकलं. त्याने जर्मनीला शस्त्रं विकून पैसा केला होता. इरेन १९६३ मध्ये वारली.

संग्रहालय पाहायचं असेल तर?

पॅरिस मेट्रोच्या मोन्सो किंवा व्हिलिए स्थानकावर उतरा. तिथून चालत अंतर आहे. वास्तू जुनी असल्याने दुरुस्तीसाठी ती कधी कधी दीर्घकाळ बंद ठेवतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वेळा तपासा. बहुतेक जण थेट दिवाणखान्यात जातात. मी आधी स्वयंपाकघर आणि नोकरांची जेवणाची खोली पाहा असं सांगेन, म्हणजे वरचं वैभव कोणाच्या कष्टावर चालत होतं ते लक्षात येईल. वरच्या मजल्यावर राहत्या खोल्यांत निसीमची छायाचित्रं आहेत. आत शिरताना बेआत्रीस आणि तिच्या कुटुंबाचा उल्लेख असलेली पाटी भिंतीवर आहे, तीही वाचा.

इस्तंबूलमध्ये त्यांची काही खूण उरली आहे का?

हो. गलातामध्ये बँकांच्या रस्त्यावरून वर चढणारा कामोंदो जिना आहे. दोन्ही बाजूंनी वळत जाणाऱ्या पायऱ्यांचा हा जिना कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात बांधला आणि छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसोंने १९६४ मध्ये त्याचं छायाचित्र घेतल्यावर तो जगभर माहीत झाला. गलाता मनोरा पाहायला जाणाऱ्यांना तो वाटेवरच लागतो. हास्कोयला अब्राहम सालोमोन यांची समाधी आहे. ती पाहायला मात्र मुद्दाम वाकडी वाट करावी लागते.